विद्युत् सिगारेट

तंबाखू न जाळता निकोटीनयुक्त द्रव विजेच्या उष्णतेने तापवून त्यापासून ओढण्याजोगा धूरसदृश पदार्थ निर्माण करणाऱ्या व घटमालेवर चालणाऱ्या साधनास विद्युत् किंवा इलेक्ट्रॉनिक सिगारेट असे म्हणतात. व्यवहारात ‘ई-सिगारेट’ व ‘व्हेप’ ही नावे रूढ आहेत. या साधनातून निघणाऱ्या पदार्थास बाष्प म्हणण्याचा प्रघात असला, तरी काटेकोर अर्थाने ते बाष्प नसून हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म द्रवकणांचे वायुकलिल होय. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यास सिगारेटीहून कमी घातक असे एखादे साधन देता येईल काय, आणि आले तर त्यांतले बरे कोणते निवडावे, या प्रश्नाभोवती या साधनाचा सर्व इतिहास फिरतो. भारतात २०१९ च्या कायद्याने विद्युत् सिगारेटींचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर संपूर्ण बंदी असल्याने निवडीचा प्रश्न येथे कायदेशीर रीत्या उपस्थितच होत नाही. ज्या देशांत ही विक्री विधिसंमत आहे, तेथील अनुभवाच्या आधारेच त्याचा विचार करावा लागतो.

पूर्वपीठिका : ‘बरे साधन’ शोधण्याची धडपड तंबाखूइतकीच जुनी आहे. पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली तंबाखू दख्खनमध्ये लवकर रुजली. अकबराचा अधिकारी असद बेग याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापुराहून ती मोगल दरबारात नेली, असे त्याच्याच वृत्तांतावरून दिसते. रत्नजडित नळीतून बादशहाने काही झुरके घेतले, तेव्हा हकिमाने आक्षेप घेतला, की या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही आणि अपरीक्षित वस्तूचे सेवन बादशहाने करू नये. जगातील प्रत्येक रीत कधी तरी नवीच होती, असे उत्तर असद बेगने दिले. चारशे वर्षांनंतर विद्युत् सिगारेटीविषयी जो वाद झाला, त्यातील दोन्ही बाजूंचे मूळ युक्तिवाद येथे आढळतात, ही गोष्ट मौजेची आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. परंतु तिचा परिणाम झाल्याचे दिसत नाही.

धूर पाण्यातून ओढला म्हणजे तो शुद्ध होतो, ही हुक्क्यामागील कल्पना. या युक्तीचे श्रेय पुष्कळदा अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फत्ह गिलानी याला दिले जाते. तथापि गिलानी १५८९ मध्ये निवर्तला व असद बेगची तंबाखू दरबारात पोहोचली ती त्यानंतर सु. पंधरा वर्षांनी, तेव्हा ही परंपरा जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. पाण्यातून गेल्याने धूर थंड व सौम्य होतो, निरुपद्रवी होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मात्र घशाला सौम्य लागते ते शरीरालाही सौम्य असले पाहिजे, ही समजूत हुक्क्याबरोबर संपली नाही. [⟶ तंबाखू].

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट विंडर व एव्हार्ट्स ग्रेअम यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनामुळे सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांतील संबंध स्पष्ट झाला. तंबाखू-कंपन्यांनी त्याला दिलेले पहिले व्यापारी उत्तर म्हणजे गाळणीची सिगारेट. अमेरिकेतील ‘केंट’ या सिगारेटीची ‘मायक्रोनाइट’ गाळणी आरोग्यरक्षक म्हणून गाजविण्यात आली. १९५२ ते १९५६ या काळात तीत क्रोसिडोलाइट हा निळा ॲस्बेस्टस वापरला जात असे. तो स्वतःच कर्करोगकारक आहे. अपाय टाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूनेच अपाय करावा, याचे याहून बोलके उदाहरण तंबाखूच्या इतिहासातही विरळा.

त्यानंतरच्या ‘सौम्य’ सिगारेटींत गाळणीला बारीक छिद्रे ठेवून धुरात बाहेरची हवा मिसळली जाई. धूम्रपान-यंत्रावर मोजलेले डांबर व निकोटीन यांमुळे कमी भरे. परंतु यंत्र आणि माणूस यांत फरक असतो. निकोटीनची सवय जडलेला माणूस झुरका खोल घेतो, अधिक वेळा घेतो किंवा नकळत बोटांनी छिद्रे झाकतो आणि आपली ठरलेली मात्रा पुरी करतो. सौम्य सिगारेटींमुळे आरोग्याचा लाभ झाल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये काढला. तोपर्यंत कोट्यवधी लोकांनी सिगारेट सोडण्याऐवजी सौम्य सिगारेट पतकरली होती. विद्युत् सिगारेटीकडे आरोग्यशास्त्रज्ञ ज्या संशयाने पाहतात, त्याचे मूळ या फसवणुकीच्या आठवणीत आहे.

याच काळात एक वेगळा विचारही पुढे आला. जळत्या सिगारेटीच्या टोकाचे तापमान झुरका घेताना सु. ९००° से. पर्यंत जाते व धुरात हजारो रासायनिक पदार्थ निर्माण होतात. त्यांपैकी निकोटीन हे सवय लावते. कर्करोग व फुप्फुसांचे विकार प्रामुख्याने डांबर व इतर ज्वलनजन्य पदार्थांमुळे होतात. माणूस निकोटीनसाठी ओढतो, मरतो तो डांबराने, ही गोष्ट ब्रिटिश मानसोपचारज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडली. ज्वलन टाळून निकोटीन देता आले तर पुष्कळसा अपाय टळेल, हा त्यावरून निघणारा निष्कर्ष होय.

आरंभीचे प्रयत्न : जोसेफ रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाला १९३० मध्ये औषधी द्रव्ये विजेने तापवून हुंगण्याच्या साधनाचे एकस्व मिळाले होते, परंतु त्याचा सिगारेटीशी थेट संबंध नव्हता. पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथील हर्बर्ट ए. गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये ‘धूररहित व तंबाखूरहित सिगारेटी’साठी अर्ज केला व १९६५ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. घटावर तापणाऱ्या या नळीतून ऊबदार, दमट व सुवासिक हवा ओढता येई. निकोटीन तीत नव्हते. सिगारेटीच्या घातकतेविषयी अमेरिकेच्या शल्यप्रमुखांचा प्रसिद्ध अहवाल १९६४ मध्ये निघाला, म्हणजे काळ अनुकूल होता. तरीही हे साधन बाजारात आले नाही. लहान, टिकाऊ व पुन्हा भारित करता येणारा घट त्या वेळी उपलब्ध नव्हता, हे एक कारण. आणि सिगारेट ओढणाऱ्याला जे हवे असते तेच या नळीत नव्हते, हे दुसरे व बहुधा अधिक महत्त्वाचे.

ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीने याच दशकात ‘एरियल’ या नावाने अगदी उलट दिशेने, म्हणजे निकोटीन ठेवून डांबर टाळण्याचा, प्रयत्न चालविला होता. त्यामागे सर चार्ल्स एलिस हे मूळचे अणुकेंद्रीय भौतिकीविज्ञ होते. एकस्वे घेण्यात आली; मात्र उत्पादन झाले नाही. सिगारेट हे निकोटीन देण्याचे साधन आहे, अशी उघड कबुली अशा वस्तूच्या विक्रीतून आपोआपच दिली गेली असती. स्वीडनमध्ये ओव्हे फर्न्यो यांनी विकसित केलेला निकोटीनचा चघळण्याचा गोंद १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये व १९८४ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. औषध म्हणून तपासली गेलेली व कमी घातक ठरलेली निकोटीनची ही पहिली पर्यायी वस्तू होय. गोंदातून निकोटीन रक्तात सावकाश जाते. सिगारेटीच्या झुरक्याचा तडाखा त्यात नसतो. त्यामुळे तो सुरक्षित, पण पुष्कळांना अपुरा वाटणारा ठरला.

संगणक क्षेत्रातील फिल रे व वैद्य नॉर्मन जेकबसन यांनी टेक्ससमध्ये काढलेली ‘फेव्हर’ ही न पेटवता ओढण्याची निकोटीन-नळी १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अमान्य औषध ठरवून बंद केली. आर. जे. रेनल्ड्स कंपनीची ‘प्रीमियर’ ही तंबाखू न जाळता कोळशाच्या टोकाने तापवणारी सिगारेट १९८८ मध्ये चाचणी-बाजारात आली आणि वास व चव न रुचल्याने १९८९ च्या प्रारंभी मागे घ्यावी लागली. 

चिनी साधन : आजच्या विद्युत् सिगारेटीचा जन्म चीनमधील शेन्यांग येथे झाला. तेथील औषधशास्त्रज्ञ होन लिक हे स्वतः अट्टल धूम्रपानी होते व त्यांचे वडीलही. वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. होन लिक यांनी २००३ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि २००४ पासून ‘रुयान’ म्हणजे ‘धुरासारखे’ या नावाने हे साधन चीनमध्ये विकले जाऊ लागले. त्यांच्या मूळ रचनेत दाबविद्युत् स्फटिकाच्या श्राव्यातीत कंपनांनी द्रवाचे तुषार करण्याची योजना होती. पुढे तापक तारेची सोपी व स्वस्त रचना सर्वत्र रूढ झाली. यूरोप व अमेरिका येथे हे साधन २००६–०७ च्या सुमारास पोहोचले. शेन्झेन शहराच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे शेकडो लहानमोठे कारखाने आधीपासून असल्याने जगातील बहुतेक उत्पादन तेथेच एकवटले. शोधाच्या मालकीचे मात्र वेगळेच झाले : होन लिक यांच्या कंपनीची एकस्वे २०१३ मध्ये इंपीरियल टोबॅको या ब्रिटिश सिगारेट-कंपनीने ७·५ कोटी डॉलरांना विकत घेतली. लॉरिलार्ड या अमेरिकन कंपनीने आदल्याच वर्षी ‘ब्लू’ हा व्यवसाय १३·५ कोटी डॉलरांना घेतला होता. ज्या धंद्याला हे साधन शह देणार अशी अपेक्षा होती, त्याच धंद्याच्या हाती त्याचा मोठा भाग दहा वर्षांच्या आत गेला.

रचना व कार्य : साधनाचे घट, तापक व द्रवाची टाकी असे तीन मुख्य भाग असतात. घट बहुधा लिथियम-आयन प्रकारचा असून त्याचा विद्युत् दाब सु. ३·७ व्होल्ट असतो. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण, निकोटीन व स्वादद्रव्ये असतात. कापसाची किंवा तत्सम वात द्रव शोषून तारेच्या वेटोळ्यापर्यंत आणते. झुरका घेताच किंवा कळ दाबताच तार तापते व द्रवाचे वायुकलिल बनते. प्रॉपिलीन ग्लायकॉल अधिक असल्यास घशाला सिगारेटीसारखा ठसका जाणवतो. ग्लिसरीन अधिक असल्यास ढग दाट होतात.

पहिल्या पिढीची साधने सिगारेटीच्याच आकाराची, पांढरी, टोकाला लाल दिवा असलेली होती. नवशिक्याला ती ओळखीची वाटत. परंतु त्यांतील घट लवकर संपे व निकोटीन इतके कमी मिळे, की आठवड्याभरात माणूस पुन्हा पाकिटाकडे वळे. यातून ब्रिटन व अमेरिका येथील हौशी मंडळींनी घरगुती कार्यशाळांतून नवे प्रकार घडविले. कुणी विजेरीच्या नळीत मोठा घट बसवला, कुणी तारेची वेटोळी स्वतः गुंडाळली. त्यातूनच लेखणीच्या आकाराची, भरता येणाऱ्या टाकीची दुसरी पिढी व कमीजास्त शक्तीची पेटीवजा तिसरी पिढी निघाली. निरनिराळ्या कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांना बसावेत म्हणून ‘५१०’ या चिनी साधनावरील आटे जवळजवळ प्रमाण मानले गेले. एखाद्या ग्राहकवस्तूत ग्राहकांनीच इतकी सुधारणा करावी, असे आधुनिक उद्योगात क्वचित घडते.

तथापि या सुधारणेबरोबर धोकाही वाढला. ३·७ व्होल्टांच्या घटाला १·८ ओहम रोधाची तार जोडल्यास सु. ७·६ वॉट शक्ती खर्च होते. तोच रोध ०·५ ओहम केल्यास ती सु. २७ वॉट होते व घटातून सात अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. नियंत्रक मंडल नसलेल्या साधनात ही बेरीज वजाबाकी सर्वस्वी वापरणाऱ्यावर अवलंबून असते. सुटा घट खिशात किल्ल्यांबरोबर ठेवल्याने लघुमंडल होऊन लोक भाजल्याच्या घटना घडल्या आणि २०१८ मध्ये फ्लॉरिडा राज्यात साधनाच्या स्फोटाने एकाचा मृत्यू झाला.

निवडीचा प्रश्न : विक्री विधिसंमत असलेल्या देशांत दुकानदार नवशिक्याला जे प्रश्न विचारतो, ते वरवर तांत्रिक वाटतात : दिवसाला किती सिगारेटी ओढता, दिवसाची पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळाने, झुरका तोंडात धरून मग आत घेता की थेट छातीत. मात्र या उत्तरांवरच निकोटीनची मात्रा ठरते, आणि मात्रा चुकली की सारेच चुकते. कमी निकोटीन अधिक सुरक्षित असे समजून पुष्कळ नवशिके पातळ द्रव घेतात, त्याने तलफ भागत नाही आणि ते सिगारेटही चालू ठेवतात. दोन्ही ओढणाऱ्याच्या पदरात आरोग्याचा लाभ फारसा पडत नाही. उलट मोठ्या शक्तीच्या साधनात एका झुरक्याला द्रव पुष्कळ जळतो, तेथे दर मिलिलिटरला ३ ते ६ मिग्रॅ. निकोटीनही भरपूर होते. लहान साधनात तोच परिणाम साधण्यास १८ मिग्रॅ. लागते. बाटलीवरील आकडा साधनावाचून निरर्थक असतो, ही गोष्ट नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

यूरोपीय संघाच्या २०१४ च्या निदेशाने (अंमल मे २०१६ पासून) निकोटीनची कमाल मर्यादा दर मिलिलिटरला २० मिग्रॅ., टाकीची २ मिलि. व बाटलीची १० मिलि. अशी ठरविली आणि घटकद्रव्यांची नोंद सक्तीची केली. लहान मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणाची अटही घातली. निकोटीनद्रव पोटात गेल्यास विषबाधा होते. जेथे असे नियम आहेत तेथे नोंदलेले, नियंत्रक मंडल असलेले, त्याच कंपनीच्या भारकाने भारित होणारे व भरता येणारे साधन घेणे कमी धोक्याचे. वात कोरडी पडली असता तार भलतीच तापून फॉर्माल्डिहाइडासारखे पदार्थ निर्माण होतात. अमेरिकन संशोधकांनी २०१५ मध्ये ५ व्होल्ट दाबावर ते मोठ्या प्रमाणात आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर, इतका जळका झुरका कोणी सहन करणारच नाही, असा आक्षेप घेण्यात आला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्वादद्रव्यांचा प्रश्न याहून अवघड होय. खाण्यास निर्धोक ठरलेले द्रव्य फुप्फुसात जाण्यास निर्धोक असेलच असे नाही. लोण्याचा स्वाद देणारे डायॲसिटिल याचे उदाहरण असून मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यांतील कामगारांना त्यामुळे फुप्फुसाचा गंभीर विकार जडला होता. हार्व्हर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये तपासलेल्या ५१ स्वादांपैकी ३९ मध्ये ते आढळले.

हे साधन सिगारेट सुटण्यास खरोखर उपयोगी पडते काय, याविषयीचा सर्वांत बोलका प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. पीटर हायेक व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात धूम्रपान सोडू इच्छिणारे ८८६ लोक होते. वर्षअखेर सिगारेटीपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण विद्युत् सिगारेट दिलेल्या गटात १८·० टक्के, तर निकोटीनचा गोंद, पट्टी इ. दिलेल्या गटात ९·९ टक्के आढळले. परंतु पहिल्या गटातील यशस्वी लोकांपैकी ८० टक्के वर्षाअखेरीसही विद्युत् सिगारेट ओढत होते. दुसऱ्या गटात निकोटीनची औषधे चालू असलेले केवळ ९ टक्के होते. सिगारेट सुटली, पण निकोटीन सुटले नाही, असा याचा अर्थ. याला यश म्हणावे की नाही, हे वैद्यकशास्त्र एकट्याने ठरवू शकत नाही. विद्युत् सिगारेट सु. ९५ टक्के कमी घातक आहे, असा अंदाज ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये दिला. तो प्रत्यक्ष मोजमापावर नसून मुख्यतः २०१४ च्या एका तज्ञमंडळाच्या अदमासावर आधारलेला असल्याने त्यावर कडक टीका झाली. धुरापेक्षा हे वायुकलिल पुष्कळ कमी विषारी आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. नेमका आकडा सांगणे धाडसाचे आहे.

‘नवशिका’ या एका शब्दात दोन निरनिराळी माणसे दडलेली आहेत, आणि वादाचे मर्म तेथेच आहे. वीस वर्षे सिगारेट ओढून खोकल्याने बेजार झालेला पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ हा एक. जन्मात सिगारेटीला हात न लावलेला पंधरा वर्षांचा विद्यार्थी हा दुसरा. पहिल्याला जे बरे, तेच दुसऱ्याला घातक. जेम्स मोन्सीझ व ॲडम बोवेन या स्टॅनफर्डच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये आणलेल्या ‘जूल’ या साधनाने हे प्रकर्षाने दाखविले. मुक्त निकोटीन हे क्षारकीय असून घशाला बोचते. त्यात बेंझॉइक अम्ल मिळवून निकोटीनचे लवण केले, की बोचणी जाते व पुष्कळ अधिक निकोटीन सहज ओढता येते. जूलच्या मूळ द्रवात ते ५ टक्के होते, म्हणजे यूरोपीय मर्यादेच्या दुपटीहून अधिक. सिगारेट ओढणाऱ्याची तलफ याने लवकर भागे. परंतु सिगारेटीचा पहिला ठसका मुलांना जो अडथळा करीत असे, तोही याने दूर केला. संगणकाच्या स्मृतिकांडीसारखे दिसणारे हे साधन वर्गातही लपविता येई. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत विद्युत् सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०·८ टक्के व २०१९ मध्ये २७·५ टक्के झाले. ही साथ असल्याचे शल्यप्रमुखांनी २०१८ मध्ये घोषित केले. वयोमर्यादा, स्वादांवरील निर्बंध व खटले यांनंतर हे प्रमाण उतरून २०२४ मध्ये ७·८ टक्क्यांवर आले. दरम्यान ऑल्ट्रिया या सिगारेट-कंपनीने २०१८ मध्ये जूलचा ३५ टक्के भाग १,२८० कोटी डॉलरांना घेतला होता.

अमेरिकेत २०१९ मध्ये उद्भवलेल्या फुप्फुसविकाराने फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात जावे लागले वा प्राण गमवावे लागले. मृतांची संख्या ६८ होती. याचे मुख्य कारण भांगेतील मादक द्रव्याच्या चोरट्या द्रवांत मिसळलेले जीवनसत्त्व-ई ॲसिटेट हे होते, निकोटीनद्रव नव्हे. मात्र तपास पूर्ण होण्यापूर्वीच जगभर या साधनाविषयीचे मत बदलले आणि भारतातील निर्णयाचा काळही तोच आहे.

निर्बंध : जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच विद्युत् सिगारेट हा धूम्रपान सोडण्याचा सिद्ध उपचार मानण्यास नकार दिला. ब्राझीलने २००९ मध्ये विक्रीवर व थायलंडने २०१४ मध्ये आयातीवर बंदी घातली. अमेरिकेत हे औषध की तंबाखूपदार्थ, हा वाद न्यायालयात जाऊन २०१० मध्ये तंबाखूपदार्थ ठरला. ब्रिटनने याउलट २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपानी लोकांना ही साधने देण्याची योजना जाहीर केली. पण एकवार वापरून टाकण्याच्या साधनांवर मुलांतील प्रसार व कचरा या कारणांनी १ जून २०२५ पासून बंदीही घातली. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून ही साधने फक्त औषधालयांत मिळतात. जगाला पुरवठा करणाऱ्या चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःच्या नागरिकांसाठी तंबाखूखेरीज अन्य स्वाद वर्ज्य केले, पण निर्यात चालू ठेवली.

भारतात पंजाब, कर्नाटक इ. राज्यांनी आधी पावले उचलली होती. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला व डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री व जाहिरात यांसाठी पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, पुढील अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, तर साठवणुकीस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड वा दोन्ही अशी तरतूद आहे. केवळ ओढणे हा अपराध धरलेला नाही. बंदीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की जूलसारखी साथ येथे फैलावल्यावर आवरण्यापेक्षा आधीच रोखणे शहाणपणाचे. अमेरिकेतील आकडे पाहता ते खोडून काढणे सोपे नाही. सिगारेट व बिडी खुली ठेवून त्याहून कमी घातक वस्तू तेवढी बंद करणे विसंगत आहे, असे टीकाकार म्हणतात. आयटीसी या सिगारेट-कंपनीत भारतीय आयुर्विमा महामंडळादी सार्वजनिक संस्थांचा मोठा भाग असल्याकडेही त्यांनी बोट दाखविले. ही विसंगती खरी आहे. मात्र खुल्या बाजाराची बंद झालेली दारे चोरट्या मालाने पुन्हा उघडली असून एकवार वापराची, ना नोंद ना मर्यादा असलेली साधने मोठ्या शहरांत जप्त होत असतात. त्यांत निकोटीन किती व काय काय मिसळलेले आहे, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही; निवडीचे जे निकष वर आले, त्यांपैकी एकही येथे लागू करता येत नाही.

भारतातील तंबाखूच्या प्रश्नाचे स्वरूपही पाश्चात्त्य देशांपेक्षा निराळे आहे. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात प्रौढांपैकी २८·६ टक्के लोक तंबाखू वापरत होते. त्यांत सिगारेट ओढणारे एकूण प्रौढांच्या ४ टक्के, तर बिडी ओढणारे ७·७ टक्के होते. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे केवळ ३·८ टक्के, तर चघळण्याची वा मशेरीसारखी धूररहित तंबाखू वापरणारे २४·४ टक्के आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. चुनातंबाखूची डबी कमरेला असलेल्या माणसाला विद्युत् सिगारेट हा पर्याय नाही. त्याला तोंडाचा कर्करोग होतो तो धुरामुळे नव्हे. त्याच्यासाठी व सिगारेट सोडू पाहणाऱ्यासाठीही कायद्याने उपलब्ध असलेली साधने तीच आहेत : समुपदेशन व औषधे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांसाठी प्रसिद्ध केलेल्या उपचार-मार्गदर्शनात निकोटीनची पर्यायी औषधे, व्हॅरेनिक्लीन, ब्यूप्रोपिऑन व सायटिसीन यांची शिफारस केली आहे. भारतात राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली व पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातूनही चालविली जाऊ लागली. २ मिग्रॅ. मात्रेचा निकोटीन-गोंद औषधविक्रेत्याकडे वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळतो.